फणी, ऊ आणि जयणा

विदर्भातील शाळांची घंटा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा वाजते. उन्हाचा ताप ओसरल्यावाचून मुलांना वर्गात बसविणे शक्य नसते. म्हणून मलकापूर, खामगाव, चिखली, मेहकर, देऊळगाव राजा येथील शाळा जूनच्या अखेरीस भरू लागतात. पाठोपाठ आषाढ शुक्ल चतुर्दशी येते आणि चातुर्मास सुरू होतो. एकीकडे स्थानकात व मंदिरात जयणेचा उपदेश कानी पडतो. पावसाळ्यात सूक्ष्म जीवांची उत्पत्ती वाढते म्हणून पाणी गाळण्याचे, पालेभाजी वर्ज्य करण्याचे, दिवस असताना जेवण उरकण्याचे नियम घेतले जातात. दुसरीकडे एका बाकावर तीन-तीन मुली डोक्याला डोके लावून एकाच पुस्तकात पाहू लागतात. महिना-दीड महिन्याने घरातल्या लेकीचा हात वारंवार कानामागे जाऊ लागतो आणि आईच्या लक्षात येते की मुलीच्या डोक्यात उवा झाल्या आहेत.

विषय तसा लहान. परंतु जैन घरात त्याचे ओझे दुहेरी असते. पहिले ओझे लाजेचे : लोक काय म्हणतील, घर अस्वच्छ समजतील. दुसरे ओझे हिंसेच्या भयाचे : ऊ हा चालता-फिरता त्रस जीव, आणि त्याला जाणूनबुजून मारणे हे श्रावकाच्या पहिल्या अणुव्रताला बाधा आणणारे. या दोन ओझ्यांखाली काही घरे गप्प बसतात आणि मुलीच्या टाळूवर जखमा होईपर्यंत दिवस जाऊ देतात. काही घरे शेवटी वैतागून हाती येईल ते डोक्यावर ओततात. दोन्हीकडे सोसते ते लेकरू.

अशा घरातील संवाद बहुधा एकाच वळणाने जातो. सून फणी घेऊन बसते, तेव्हा सासूबाई माळ फिरवता फिरवता म्हणतात, “अगं, जीव आहे तो. नखावर घेऊ नकोस.” सून म्हणते, “मग काय करू, आई? पोरीला रात्रभर झोप नाही.” दोघींचेही म्हणणे खरे असते. सासूबाईंच्या शब्दांत शतकानुशतकांचा संस्कार असतो आणि सुनेच्या शब्दांत समोर बसलेल्या जिवाची कळ. या दोन खऱ्या गोष्टींचा मेळ घालायचा असेल, तर आधी ऊ कशी जगते हे नीट समजून घ्यावे लागते.

ऊ कशी जगते

डोक्यातील ऊ ही केवळ माणसाच्या डोक्यावर जगणारी आहे. गाय, कुत्रा, मांजर यांच्यापासून ती येत नाही आणि त्यांच्याकडे जातही नाही. पूर्ण वाढलेली ऊ तिळाएवढी, दोन ते तीन मिलिमीटर लांब असते. तिला सहा पाय असतात आणि प्रत्येक पायाच्या टोकाला केस घट्ट पकडणारी आकडी असते. तिला पंख नाहीत; ती उडत नाही, उडी मारत नाही, फक्त केसावरून केसावर चालते. म्हणून तिचा प्रवास मुख्यतः डोक्याला डोके लागल्यानेच होतो. फणी, ओढणी, टोपी, उशी यांतूनही ती क्वचित येते; पण तो मार्ग दुय्यम होय.

ती दिवसातून अनेकदा टाळूतील रक्त शोषते. डोक्यापासून दूर झाली की अन्नावाचून एक-दोन दिवसांत मरते. मादी सुमारे महिनाभर जगते आणि दिवसाला साधारण सहा ते आठ अंडी घालते. या अंड्यांनाच आपण लिखा म्हणतो. ती लीख टाळूच्या अगदी जवळ, केसाच्या मुळाशी, चिवट डिंकासारख्या द्रवाने चिकटवते. आठ-दहा दिवसांत लीख फुटते आणि बाहेर आलेले पिल्लू पुढील नऊ ते बारा दिवसांत प्रौढ होते. म्हणजे तीन आठवड्यांत नवी पिढी अंडी घालण्यास सिद्ध होते.

आणखी एक गोष्ट आयांना ठाऊक असावी. ज्या मुलीला प्रथमच उवा झाल्या आहेत, तिला खाज लगेच सुटत नाही. खाज ही उवेच्या लाळेविरुद्ध शरीराने दिलेली प्रतिक्रिया असते आणि ती निर्माण व्हायला चार ते सहा आठवडेही लागू शकतात. हात डोक्याकडे जाऊ लागला, तेव्हा पाहुणे येऊन महिना लोटलेला असतो.

डोक्यातील उवांमुळे कोणताही गंभीर रोग पसरत नाही, हे येथे स्पष्ट सांगितले पाहिजे. टायफस हा प्राणघातक ताप उवांमुळे पसरतो, असे १९०९ साली ट्युनिस येथे चार्ल्स निकोल यांनी दाखवून दिले आणि त्या शोधाबद्दल त्यांना १९२८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पण ती ऊ अंगावरची, कपड्यांच्या शिवणीत राहणारी. डोक्यातील ऊ मुलाला त्रास देते ती खाजेचा, निद्रानाशाचा आणि खाजवून झालेल्या जखमांचा. नखांनी टाळू सोलली गेली की त्यात जंतू शिरतात, पू होतो, मानेच्या मागे गाठी येतात. अशा वेळी डॉक्टरांकडे जाण्यास विलंब करू नये.

दोष कोणाचाच नाही

ऊ स्वच्छ केसांतही तितक्याच सुखाने राहते. रोज न्हाऊ घातलेली, तेल लावून दोन वेण्या घातलेली मुलगीही तिच्यापासून सुटत नाही. घाम किंवा मळ यांतून ऊ आपोआप उपजत नाही. ती दुसऱ्या डोक्यावरून चालत येते. मुली डोके जवळ आणून खेळतात, गुजगोष्टी करतात, एकमेकींच्या वेण्या घालतात, म्हणून मुलींत उवा अधिक आढळतात. हा मैत्रीचा परिणाम आहे, गलिच्छपणाचा नव्हे. ज्या आईला ही गोष्ट पटली, तिच्या मनावरचे निम्मे ओझे तेथेच उतरते. आणि ती वर्गातील इतर आयांना निरोप देऊ शकते. हा निरोपच पुढच्या साऱ्या उपायांचा पाया आहे, कारण एकच डोके स्वच्छ झाले आणि शेजारची दोन तशीच राहिली, तर पंधरा दिवसांत पुन्हा पहिल्या पानावरून सुरुवात करावी लागते.

शास्त्राचा शब्द

जैन जीवविचारात ऊ व लीख यांची गणना मुंगी, ढेकूण यांच्यासह त्रींद्रियांत होते. स्पर्श, रस आणि गंध ही तीन इंद्रिये असलेला हा जीव. त्याला सुखदुःखाची जाणीव आहे. प्रतिक्रमणात एकेंद्रियापासून पंचेंद्रियापर्यंत ज्या जीवांची क्षमा मागितली जाते, त्यांत हाही आलाच. मुनींच्या केशलोचाचा संबंधही याच विचाराशी आहे. दिगंबर मुनींच्या अठ्ठावीस मूलगुणांत केशलोच आहे. दोन महिन्यांनी केलेला उत्तम, तीन महिन्यांनी मध्यम आणि चार महिन्यांनी जघन्य मानला जातो. देहाविषयीचे अममत्व व स्वावलंबन यांबरोबरच, केस वाढले की त्यांत उवा होतील आणि मग त्यांची विराधना टळणार नाही, हेही कारण परंपरेत सांगितले जाते. म्हणजे उवांविषयी परंपरेची पहिली दृष्टी ‘होऊच देऊ नयेत’ अशी आहे.

गुजरातच्या राजा कुमारपाळाची कथा या संदर्भात अनेकांच्या ऐकण्यात असते. आचार्य हेमचंद्रांच्या उपदेशाने त्याने बाराव्या शतकात राज्यात अमारीची घोषणा केली होती. मेरुतुंगाचार्यांनी १३०५ च्या सुमारास रचलेल्या ‘प्रबंधचिंतामणि’ ग्रंथात असे येते की, सपादलक्ष देशातील एका धनाढ्य व्यापाऱ्याच्या पत्नीने केस विंचरताना निघालेली ऊ त्याच्या हातावर ठेवली आणि त्याने ती चिरडली. त्याला पाटणला आणले गेले, त्याचे धन जप्त झाले आणि त्या धनातून ‘यूकाविहार’ नावाचे मंदिर उभे राहिले. ही कथा सांगताना बहुधा दंडावर भर दिला जातो. पण दंड झाला तो चिरडण्याबद्दल, केस विंचरण्याबद्दल नव्हे. विंचरणारा हात आणि चिरडणारा हात यांतील अंतर त्या कथेला ठाऊक आहे.

तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या करताना प्रमादाला, म्हणजे बेसावधपणाला, अग्रस्थान दिले आहे. गृहस्थाने या ठिकाणी क्षणभर थांबून हिशेब करावा. पहिल्या आठवड्यात मुलीच्या डोक्यात दोन किंवा तीन उवा असतात. त्याच वेळी त्या अलगद काढल्या, तर विराधना दोन-तीन जीवांची. ‘जीव आहे, राहू दे’ असे म्हणून महिना जाऊ दिला, तर एका मादीमागे शंभराहून अधिक लिखा पडतात. त्या जन्मतात, वाढतात आणि अखेर कोणत्या ना कोणत्या उपायाने त्यांचाच नाश करावा लागतो. शिवाय तोवर त्या शेजारच्या पाच डोक्यांवर पोहोचलेल्या असतात आणि त्या घरांत काय ओतले जाईल यावर कोणाचाही अधिकार राहत नाही. डोक्याबाहेर काढलेली ऊ फार काळ जगत नाही, हेही प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. एकदा उवा झाल्या की पूर्णपणे निर्दोष असा मार्ग गृहस्थाला उरत नाही. उरतो तो कमीत कमी विराधनेचा मार्ग, आणि तो मार्ग लवकर पाहण्याचा आहे. दयेपोटी केलेला विलंब हा येथे प्रमादच ठरतो.

फणीचे शास्त्र

उवा काढण्याचे सर्वांत जुने साधन फणी. इस्रायलमधील लाखीश या प्राचीन स्थळी २०१६ मध्ये एक छोटी हस्तिदंती फणी सापडली. तिच्यावर कोरलेली अक्षरे २०२२ मध्ये वाचली गेली, तेव्हा केसांतील व दाढीतील उवा निघून जाव्यात अशी इच्छा तीत व्यक्त केलेली आढळली. फणी सुमारे ३७०० वर्षांपूर्वीची मानली जाते. तिला एका बाजूला गुंता सोडविणारे जाड दात आणि दुसऱ्या बाजूला उवा-लिखा काढणारे बारीक दात होते. आजही आठवडी बाजारात मिळणारी दुहेरी फणी याच घडणीची असते.

फणी चालते, परंतु ती पद्धतीने चालवावी लागते. कोरड्या केसांत उवा वेगाने पळतात. ओल्या व निसरड्या केसांत त्या जवळजवळ स्थिर होतात. म्हणून केस धुवून त्यांना भरपूर कंडिशनर लावावे. ते नसेल तर खोबरेल तेल मुळांपर्यंत चोळावे. प्रथम साध्या कंगव्याने गुंता काढावा. मग केसांचे बोटभर रुंदीचे भाग करून बारीक दातांची, शक्यतो धातूची फणी टाळूला टेकवून मुळापासून टोकापर्यंत एका ओढीत आणावी. प्रत्येक ओढीनंतर फणी पांढऱ्या ओल्या फडक्यावर पुसावी. पांढरे फडके यासाठी की त्यावर ऊ स्पष्ट दिसते आणि ती चिरडण्याची वेळ येत नाही. फडके नंतर मुलांच्या वावरापासून दूर, सावलीच्या जागी झटकावे. कानांच्या मागे आणि मानेच्या वरच्या रेषेपाशी विशेष लक्ष द्यावे. ऊब तेथे अधिक, उवाही तेथेच अधिक. लांब केसांना अर्धा तास सहज लागतो.

एका दिवसाच्या विंचरण्याने काम होत नाही. फणीतून निसटलेल्या लिखा पुढे फुटतातच. म्हणून पहिला, पाचवा, नववा आणि तेरावा असे चार दिवस ठरवून विंचरावे. लीख फुटून निघालेले पिल्लू अंडी घालण्यापूर्वीच फणीत यावे, असा या दिवसांमागील हिशेब आहे. यांतील एक जरी फेरी चुकली तरी साखळी पुन्हा जोडली जाते. तेराव्या दिवशी फडके कोरे राहिले, तर काम झाले असे समजावे.

केसात दिसणारा प्रत्येक पांढरा ठिपका म्हणजे लीख नव्हे. कोंडा बोटाने झटकला की पडतो. लीख केसाला चिकटून बसते, ती नखांच्या चिमटीत धरून ओढावी लागते. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. त्यामुळे टाळूपासून दूर गेलेल्या लिखा बहुधा फुटून रिकाम्या झालेल्या टरफलांसारख्या असतात. त्यांना पाहून पुन्हा औषध लावण्याचे कारण नाही. चालती ऊ दिसली, तरच उवा आहेत असे मानावे.

औषध केव्हा आणि कोणते

उवा फार झाल्या असतील, टाळूवर जखमा असतील, किंवा वसतिगृहात एकाच वेळी अनेक मुलींना त्रास असेल, तर केवळ फणीवर भागत नाही. अशा वेळी डॉक्टर बहुधा परमेथ्रिन १ टक्का हे लोशन सुचवितात. ते धुवून टिपलेल्या, किंचित ओलसर केसांना लावून दहा मिनिटांनी धुवावयाचे असते. त्यापूर्वी कंडिशनर लावू नये. औषधाचा गुण कमी होतो. धुताना मुलीला आंघोळीस न बसविता डोके पुढे वाकवून कोमट पाण्याने धुवावे, म्हणजे औषध अंगावर उतरत नाही. त्यानंतर दोन दिवस केस धुऊ नयेत. लिखांवर या औषधाचा पूर्ण परिणाम होत नाही, म्हणून साधारण नवव्या दिवशी दुसऱ्यांदा लावावे लागते. खरजेसाठी मिळणारे परमेथ्रिनचे मलम ५ टक्क्यांचे असते. ते आणि हे एक नव्हे. दोन महिन्यांहून लहान बाळाला ते मुळीच लावू नये. घरात गर्भवती असेल तर तिच्यासाठी डॉक्टरांना विचारावे.

काही ठिकाणी उवांना परमेथ्रिनची सवय झाली आहे आणि ते निष्प्रभ ठरते. औषध नीट लावूनही दुसऱ्या दिवशी उवा पूर्वीसारख्याच चपळ दिसल्या, तर तेच औषध वारंवार न लावता डॉक्टरांना सांगावे. डायमेथिकोन हा मज्जातंतूंवर नव्हे, तर उवेवर आवरण घालून काम करणारा पर्याय आहे; आयव्हरमेक्टिनही आहे, मात्र ते वजन पाहून डॉक्टरांनीच द्यावयाचे असते.

औषध हे जीवनाशक आहे, हे लपविण्यात अर्थ नाही. ज्या घरात व्रताची अडचण मनाला बोचते, त्या घराने गुरुमहाराजांसमोर ती मोकळेपणाने मांडावी. आलोचना व प्रायश्चित्त यांची वाट परंपरेनेच दाखविली आहे. परंतु तो निर्णय होईपर्यंत मुलीचे डोके चिघळू देऊ नये. तीन इंद्रियांच्या जीवाची करुणा बाळगताना समोर बसलेल्या पंचेंद्रिय लेकराचे दुःख दृष्टीआड व्हावे, हे कोणत्याही गुरूला मान्य होणार नाही.

जे कधीही करू नये

कपाशीच्या या प्रदेशात शेतीच्या औषधांचे डबे अनेकांच्या पडवीत असतात. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी व शेतमजूर दगावले, ही घटना विदर्भ विसरलेला नाही. फवारणीचे विष त्वचेतूनही शरीरात शिरते. आणि मुलाची टाळू म्हणजे खाजवून सोललेली, विष सहज आत घेणारी त्वचा. म्हणून शेतीचे कीटकनाशक, ढेकणांचे औषध, झुरळांचा फवारा यांचा एक थेंबही डोक्यावर जाऊ नये. रॉकेल व पेट्रोल यांचे तेच. त्यांनी त्वचा भाजते आणि जवळ दिवा किंवा चूल असेल तर डोके पेटते.

अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या कुशीतील गावांत सीताफळ मुबलक. त्याच्या बियांची पूड उवांसाठी लावण्याची पद्धत जुनी आहे आणि वनस्पतीजन्य म्हणून ती निरुपद्रवी समजली जाते. प्रत्यक्षात ती पूड डोळ्यात गेली तर बुबुळावर जखम होते, असह्य वेदना होतात. भारतातील नेत्रतज्ज्ञांनी असे अनेक रुग्ण पाहिले आहेत. ती वापरू नये. चुकून डोळ्यात गेलीच, तर भरपूर स्वच्छ पाण्याने डोळे धुवून लगेच नेत्रतज्ज्ञांकडे जावे. खोबरेल तेलात कापूर कालवून ठेवणाऱ्यांनीही सावध राहावे; कापूर पोटात गेल्यास लहान मुलांना झटके येऊ शकतात.

घरभर फवारणी करण्याची गरज नसते. गेल्या दोन दिवसांत वापरलेले उशांचे अभ्रे, ओढण्या, टोप्या गरम पाण्याने धुवून विदर्भाच्या उन्हात वाळवाव्यात, फणी गरम पाण्यात दहा मिनिटे ठेवावी, एवढे पुरे.

आधी पाहावे, मग बोलावे

केसांच्या बाबतीत घाई किती फसवी असते, हे बुलढाणा जिल्ह्याने नुकतेच अनुभवले आहे. डिसेंबर २०२४ च्या अखेरीपासून शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा इत्यादी गावांत लोकांचे केस काही दिवसांत गळू लागले. कोणी शाम्पूला दोष दिला, कोणी पाण्याला, कोणी बुरशीला. लाजेपायी अनेकांनी मुंडण करून घेतले. पाण्याचे व त्वचेचे नमुने घेतले गेले, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे पथक आले. पुढे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी गव्हातील सेलेनियमच्या अधिक प्रमाणाकडे लक्ष वेधले. तेव्हा ज्यांनी शाम्पू फेकून दिला होता, त्यांच्या ताटात पोळी तशीच होती. त्या प्रसंगाचा उवांशी संबंध नाही. पण धडा तोच आहे. मुलाच्या डोक्याविषयी निष्कर्ष काढण्याआधी ते उजेडात, नीट पाहिले पाहिजे. गोलाकार टक्कल पडले असेल तर ती चाई असू शकते, खपल्या असतील तर नायटा; त्यांवर उवांचे औषध लावून केवळ वेळ जातो.

शाळेतील वागणुकीबाबतही हेच म्हणता येईल. उवा आढळलेल्या मुलीला वर्गात उभे करणे, वेगळ्या बाकावर बसविणे, घरी पाठविणे किंवा सर्वांदेखत केस कापण्याची धमकी देणे, हे उपाय नव्हेत. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ नुसार मुलांना शारीरिक शिक्षा व मानसिक त्रास देण्यास मनाई आहे. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेनेही उवांमुळे मुलाला शाळेबाहेर ठेवू नये असेच मत दिले आहे. कारण ज्या दिवशी उवा दिसल्या, त्या दिवसापूर्वीच ती मुलगी महिनाभर त्याच वर्गात बसलेली असते. ‘उवाळी’ हा एक शब्द लागला की मुलगी पोटदुखीचे निमित्त करून घरी राहू लागते. केस पुन्हा वाढतात. वर्गात मिळालेले टोपणनाव मात्र दहावीपर्यंत सोबत करते. मनाला दिलेली पीडा हीसुद्धा हिंसाच आहे, हे पाठशाळेत शिकविले जाते. ते शाळेतही लागू आहे.

शिक्षिकांनी करण्यासारखे पुष्कळ आहे. नाव न घेता साऱ्या वर्गाच्या पालकांना एकच चिठ्ठी द्यावी : या शनिवार-रविवारी प्रत्येक घरी मुलांची डोकी पाहावीत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून सुरू आहे. त्याचे पथक शाळेत तपासणीस आले की टाळूवरील जखमा त्यांना दाखवाव्यात. वसतिगृहात एकाच सायंकाळी सर्व मुलींचे केस विंचरावेत, म्हणजे कोणी एक दोषी ठरत नाही.

चातुर्मासाचा एक छोटा नियम

चातुर्मासात घरोघरी नियम घेतले जातात. त्यांत या वर्षी आणखी एक घेता येईल : दर रविवारी सकाळी, दिवसाच्या उजेडात, घरातील शाळकरी मुलांचे डोके फणीने पाहावे. मुलगा असो वा मुलगी, दहा मिनिटे पुरतात. आजीचे डोळे थकले असतील, पण तिचे हात या कामात वाकबगार असतात. तिने केसांचे भाग करून द्यावेत आणि आईने फणी चालवावी. त्या दहा मिनिटांत मुलगी शाळेतल्या दोन गोष्टी आपणहून सांगते, हाही लाभच. एखादी ऊ निघाली तर त्याच दिवशी चार फेऱ्यांचे वेळापत्रक भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर लिहावे आणि जिच्याशी मुलगी खेळते तिच्या आईला शांतपणे कळवावे. “आमच्या पोरीच्या डोक्यात निघाल्या, तुमच्या पोरीचेही एकदा पाहून घ्या,” एवढे वाक्य पुरेसे आहे. ते प्रथम उच्चारणाऱ्या आईला धैर्य लागते; दुसरीला ते ऐकून हायसे वाटते.

भाद्रपदात पर्युषण येईल. संवत्सरीच्या दिवशी कुटुंबातील सारे लहानथोर सर्व जीवांची क्षमा मागतील. त्या दिवशी आईला आठवावे लागतील असे जीव थोडे असावेत, आणि शेजारी पांढऱ्या वस्त्रात बसलेल्या तिच्या लेकीचा हात पुस्तकावर स्थिर असावा. दर रविवारची दहा मिनिटे एवढ्यासाठीच.